पाणी जोखताना

अ‍ॅनाकोंडात पहिला बर्फ पडून गेल्यावर
वेर्ना पुसिच घोंगडीत गुंडाळून घेऊन आली
आजोबांची लष्करी रायफल.
नळी बदल, म्हणाली, लाकूड बदल,
थोडं मोठं काडतूस खाईल अशी कर.
पुढच्या मोसमात एल्कला जायचंय.

मी सगळं उकललं.
जिथे बोल्टचे दोन कान टेकतात
त्या खोबणीत वाकडी तार फिरवली.
कुठे अडली नाही. चांगलं.
शेपटीपाशी कानस लावली,
ती काचेवरून सरकावी तशी सरकली.
हे तितकं चांगलं नाही.
मऊ पोलाद आधी कुरकुरतं,
बोल्ट उचलायला जड जातो,
काहीतरी कळवतं माणसाला.
असलं कडक पोलाद
शेवटपर्यंत तोंड उघडत नाही.

मग भिंगाखाली आकडा वाचला.
आठ लाखांच्या बराच आतला.

तेव्हा भट्टीतला रंग नुसत्या डोळ्यांनी बघायचे, मी तिला सांगितलं.
ढगाळ दिवशी तांबडं ते तांबडंच दिसे.
लख्ख ऊन आत आलं की
तेच लोखंड फिकं वाटे,
आणि कारागीर अजून जरा तापवी.
मग पाणी दिलं, पण जळलेल्याला.
वरून दोन्ही सारखीच.

"आजोबांनी चाळीस वर्षं झाडली."
झाडली ना.
ती साक्ष झाली, वेर्ना. हमी नव्हे.

खणातून काढून तिच्यापुढे ठेवले
त्याच काळातल्या एका रिसीव्हरचे तीन तुकडे,
मीच हातोड्याने ठोकलेला, एकाच घावात.
आतला दाणा जाड, साखरेसारखा.
तिने बोटाने चाचपला, आणि बोट कोटाला पुसलं.

"हिच्यावरही मारून बघ."
मारेन.
फुटली तर कळेल, फुटणार होती.
नाही फुटली तर एवढंच कळेल
की हा एक घाव तिने सोसला.
मडकं वाजवून घेता येतं.
हिचा बद्द आवाज
तुझ्या गालापाशी ऐकू येईल.

बराच वेळ ती दस्त्यावरून हात फिरवत राहिली,
वार्निश उडून लाकूड उघडं पडलं होतं तिथे.
मग म्हणाली, पुढच्या आकड्याचा सांगाडा शोध.
लाकूड मात्र राहू दे हेच.

मी बोल्ट पाकिटात घातला,
वर लिहिलं: झाडू नये.
ती गेली. ढग सरकले,
बर्फावरचं ऊन खिडकीतून थेट बाकावर आलं,
आणि तिथलं लोखंड
मला जरा फिकं वाटलं.