खालचा रॅक

डॉक्टरांनी विचारलं, मीठ किती खाता,
वडलांना होतं का, झोप लागते का.
दंडाला पट्टा आवळलेला,
तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला.
नाव न बघताच कळलं मला.
एकशे बासष्टवर गेली सुई.
डॉक्टर म्हणाले, पापड बंद करा.

पापड बंद केले. दोन महिन्यांनी
स्टोअरच्या शिडीवरच
डावा हात माझा राहिला नाही.
झटका सौम्य होता, असं फाइलीत आहे.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात चौकसे साहेबांचा मेसेज:
एक गुलाब, लवकर बऱ्या व्हा,
आणि त्याच दमात,
बेअरिंगच्या कपाटाची चावी कुठे आहे.
चावी गळ्यात होती, काळ्या पोतीत ओवलेली.
सिस्टरनं कात्री लावून सोडवली,
धाकटा घेऊन गेला हिंगण्याला.
साहेब त्याला म्हणाले,
आईला सांग, इथे सगळं अडून राहिलंय.
मी पलंगावर, कोणी बघत नसताना,
शरमेनं भिंतीकडे वळले.

चैत्रात परत निघाले.
लोकमान्य नगरला मेट्रोतून उतरले,
नऊ वाजताच दुपट्टा तोंडाला,
पर्समध्ये कांदा, कांद्याखाली सर्टिफिकेट:
हलकं काम द्यावं.

हलकं काम आमच्याकडे एकच होतं,
फाटकाजवळची खुर्ची.
खापेकरला बायपासनंतर तिथे बसवलं,
ना रजिस्टर, ना पेन. सात आठवडे.
मग त्यानं स्वतःच लिहून दिलं.
आम्ही डबे घेऊन त्याच्यासमोरून जायचो
आवाज बारीक करून.

चौकसे बुटीबोरीला गेले होते.
त्यांच्या जागी निखाडे मॅडम.
हार नाही, टाळ्या नाहीत.
म्हणाल्या, हात कुठवर जातो ते दाखवा.
दाखवला. खांद्याच्या जरा खाली थांबला.
बरं, म्हणाल्या,
आणि वाजणारा फोन घ्यायला गेल्या.

सोमवारी स्टोअर उघडलं
तर वरच्या फळीवर धुळीत चौकोन उरलेले,
अकरा रजिस्टरांचे अकरा.
रजिस्टरं कमरेच्या उंचीवर.
शिडी भिंतीला दोरीनं बांधलेली.
गेंदलाल म्हणाला, काय पाहून राहिल्या बाई,
मॅडम शनिवारी थांबल्या होत्या.
मले म्हणे, तू फक्त खालून धर.

तरी फोन वाजला की डावी बोटं आखडतात.
चौकसेंच्या बदलीचा कागद
अंगापर्यंत पोचलेला नाही अजून.
गोळी तीच, सकाळ संध्याकाळ.
पापड बंदच.

आणि फाटकाजवळ ती खुर्ची आहे,
एका हाताची पट्टी सुटलेली.
मॅडमनी परवा विचारलं,
ही इथे काहून ठेवली?
सगळे कूलरकडे बघू लागले.
मीही.