परमिट परत येईपर्यंत

रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी
मिठमुंबरीचा फीडर ट्रिप झाला.
वादळ नव्हतं, वारा नव्हता.
फाल्गुनातलं दव होतं नुसतं,
आणि चार महिन्यांचं मीठ
चिनीमातीच्या चकत्यांवर बसलेलं.
समुद्राला दर वेळी आवाज करावा लागत नाही.

सातू मेस्त शिडी घेऊन गेला.
जाण्याआधी परमिटवर सही केली,
नेहमीसारखी, मासा काढावा तशी,
शेवटचा फराटा शेपटीचा.
मी ब्रेकर उघडला, अर्थिंग केलं,
हँडलला लाल पाटी अडकवली:
माणूस लाइनवर आहे.
कुलूप लावलं. किल्ली ओढणीच्या टोकाला, गाठ मारून.

मग फोन.
बर्फाच्या कारखान्यातून कोयंडेशेठ:
चारशे लाद्या घाम गाळतायत,
पहाटे होड्या निघायच्या, तुम्ही झोपा काढा!
मी म्हटलं, काम चालू आहे.
एक मुलगा, आवाज नुकताच फुटलेला:
उद्या भूमितीचा पेपर आहे हो.
त्याला म्हटलं, मेणबत्ती लाव,
एक प्रमेय तेवढ्यात बसतं.
कुणी नुसतीच शिवी दिली आणि ठेवला.
तिची मी लॉगशीटच्या समासात
एक उभी रेघ मारली.
सकाळपर्यंत अकरा झाल्या.

तीन वाजून पाच मिनिटांनी साहेब, कणकवलीहून.
तारकर, किती वेळ? वरून विचारणा आहे.
एकदा चार्ज करून बघ. राहिला तर राहिला.

साहेबांना माहीत नव्हतं असं नाही.
रात्री तीनला सगळ्यांनाच थोडं विसरायला होतं.
मी म्हटलं, सर, परमिट परत आलेलं नाही.
आवाज सरळ निघाला.
टेबलाखाली गुडघे मात्र
शिवणयंत्रासारखे चालले होते.

लोक म्हणतात, बाई थंड डोक्याची.
डोकं कुठलं थंड!
मी फक्त हाताकडे बघते.
आई कालवं फोडायला न्यायची खडपावर,
पाठीशी भरती चढत असायची,
आणि टोपलीत अजून चार पडावीत म्हणून
घाई करणाऱ्या बायांची बोटं
मला एकेकीच्या नावानिशी पाठ आहेत.

साडेतीन. सातूचा फोन लागत नाही.
तीन चाळीस. लागत नाही.
ट्रान्सफॉर्मर घुमतोय, पाल चुकचुकतेय,
फोन गप्प, आणि ते जास्त वाईट.

तीन पन्नासला वाजला.
अनोळखी माणूस, घाईतला:
तुमचा वायरमन उतरला, मी डोळ्यांनी बघितला.
करा आता चालू.
त्याला फोन द्या म्हटलं.
तो पुढे गेला हो! माझ्यावर विश्वास नाही?

होता. खरं सांगते, होता.
तो खोटं बोलत नव्हता, आवाजात कळतं ते.
माझी बोटं ओढणीच्या गाठीपर्यंत गेलीसुद्धा.
तिथे ती बसून राहिली.
मी गाठ सोडली नाही, आवळलीही नाही.
भिंतीवरच्या घड्याळात बारीक काटा
आठावर येऊन दर वेळी किंचित अडखळतो,
हे मला त्या रात्री कळलं.

चार वाजून बावीस मिनिटांनी फाटकाशी स्कूटर.
सातू आत आला, कोपरापर्यंत पांढरा.
मी म्हटलं, एक जण सांगत होता, तू उतरलास.
"उतारलंय ना. मगे तिसऱ्या पोलार पुन्ना चढलंय.
थयसर पण चकती तडाकली होती.
मोबाइल पडलो गो खाजनात."

एवढंच. मग त्याने मासा काढला,
शेपटीसकट.

आता किल्ली कुलपात जाईना.
डावीकडे, उजवीकडे, खाली.
सातू पाठमोरा होऊन
कॅलेंडर वाचत उभा राहिला,
मागच्या वर्षीचं.

अर्थिंग काढलं. पाटी काढली.
ब्रेकर धाडकन बसला आणि बसून राहिला.
खाडीपलीकडे दिवे आले, आधी चार, मग सगळे.
आल्याचं कळवायला कुणाचा फोन आला नाही.
साहेबांचा मेसेज, फक्त अंगठा.

सातूने बिस्किटाचा पुडा फोडला
आणि चकत्या पुसलेलं फडकं
माझ्या लॉगशीटवरच टाकलं, गाढवाने.
उचलताना बोटाला खर लागली.
मी जिभेवर ठेवून बघितली.
मीठच.