रविवारची दोरी

शनिवारी रात्री मुलं घरी गेली की
मी मैदानातले दोन्ही झोपाळे साखळीनं बांधतो,
कुलूप घालतो. किल्ली खिशात.
सतरा वर्षं हे काम माझ्याकडे आहे.
रविवारी आमच्या बेटावर झोपाळ्यानं हलायचं नाही,
बोटीनं निघायचं नाही,
दोरीवर कपडा दिसायचा नाही.
वारा तेवढा चालू असतो,
त्याला अजून कुणी मंडळीपुढे बोलावलेलं नाही.

टॉर्किल हे मंडळीचे वडील.
त्यांच्या बुटांत वाकून पाहिलं तर आपला चेहरा दिसतो,
आणि तो दोषी दिसतो.
त्यांची प्रार्थना एकदा मी घड्याळावर मोजली, देवा क्षमा कर,
बावीस मिनिटं:
लेवीच्या वंशापासून निघून
ग्लासगोच्या नाटकगृहांपर्यंत.
"आम्ही केवळ धूळ आहोत," ते म्हणतात,
अशा आवाजात, की त्या धुळीसाठी
पहिलं बाक राखून ठेवलेलं असावं.

ऑयरिक पुटपुटते नुसती.
मासळीच्या कारखान्यात बोटं सोलून निघालेली,
स्तोत्रांचं पान तिला चटकन उलटत नाही,
म्हणून गाताना ती सगळ्यांच्या एक ओळ मागे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी
तिच्या दोरीवर तीन चादरी दिसल्या.
पांढऱ्या. उपासनेहून उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसाव्यात अशा,
फाडफाड वाजत.
काळ्या कोटांची रांग थबकली.
"शब्बाथाच्या दिवशी?" कुणीतरी म्हणालं.
कुणाच्या, असं कुणी विचारलं नाही.

मला ठाऊक होतं.
इव्हेंडरच्या. दारूपायी दोन बोटी घालवलेला,
मंडळीतून कधीचा काढून टाकलेला,
पोस्टमनलासुद्धा आईवरून शिव्या देणारा इव्हेंडर.
आता अंथरुणाला खिळलेला.
नर्स सोमवारी येते.
आतड्यांना वार कळत नाही.

मला ठाऊक होतं, कारण सकाळी
त्याच्या खिडकीतून ऑयरिकनं मलाच हाक मारली होती,
"जरा कूस बदलायला हात दे."
उपासनेला उशीर होईल, म्हणालो मी,
आणि चालू लागलो.
खिशात किल्ली वाजत होती.

बुधवारी तिला बोलावलं.
पाच वडील, एक टेबल, पाण्याचा जग.
चौथी आज्ञा सावकाश वाचून दाखवली,
जणू ती तिनं आजवर ऐकलीच नव्हती.
"सोमवारपर्यंत थांबता आलं नसतं?" टॉर्किलनी विचारलं.
"मला आलं असतं," ती म्हणाली.
मग म्हणाली, चुलीवर लापशी ठेवून आलेय, जाऊ का.

वसंतात प्रभुभोजन आलं.
तिला मनाई होती.
भाकरीचं ताट तिच्या बाकाला वळसा घालून
माझ्याकडे आलं.
मी घेतली. चावली. पीठ होतं नुसतं.
मागून तिचा आवाज येत होता,
एक ओळ मागे, राग नसलेला.

पुढच्या रविवारी मी त्या घरी गेलो.
वास दारातच भेटला.
इव्हेंडर माझ्या बापावर घसरला,
मग माझ्या झोपाळ्यांवर,
मग रडला, आणि रडल्याबद्दल पुन्हा शिवी दिली.
ऑयरिक म्हणाली, "बोलू दे त्याला, तू खांदा धर."

मे महिन्यात तो गेला.
बायका आमच्याकडे कबरीपर्यंत जात नाहीत.
शवपेटीला माणसं कमी पडली, तेव्हा तिनं एक कोपरा उचलला.
कुंपणाबाहेर टॉर्किल उभे होते, हॅट हातात घेऊन,
आत न येता, निघूनही न जाता.
त्या दिवशी त्यांचे बूट चिखलानं भरले होते.
त्यांच्या मनात काय होतं मला माहीत नाही.

झोपाळे मी अजून बांधतो.
नोकरी आहे, आणि मी काही शूर माणूस नाही.
पण कूस बदलायला मला आता येतं.
एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली.
हात आधी चोळून गरम करायचे.
आणि उचलण्याआधी
त्या माणसाला सांगायचं, की उचलतोय.