आठ पॉइंट दोन

मेडिकलच्या कागदावर उत्पलाचं रक्त लिहून आहे:
आठ पॉइंट दोन. बारा पाहिजे.
खाली डॉक्टरीणबाईचं घाईचं अक्षर:
डाळिंब, खजूर, बीट, पालेभाजी,
अंडं रोज.
‘रोज’च्या खाली दोन रेघा.

त्या दोन रेघा घेऊन मी इंदोऱ्यापर्यंत आलो,
कुबडी अन् कागद एकाच हातात.

राशनात तांदूळ मिळते, गहू मिळते,
मशीननं अंगठा ओळखला तर.
पोट भरते, खोटं काऊन बोलू?
पण भरलेलं पोट अन् पांढरी नखं
एकाच घरात राहू शकतात
हे मले आत्ता समजलं.

अपंगाचे पंधराशे येतात,
कोणत्या तारखेले, ते त्यायलेच माहीत.
किराया. लाइटबिल. गॅस अर्धा उधार.
सात रुपये गुणिले तीस
मी भिंतीवर खडूनं तीनदा केलं.
तीनदा दोनशे दहाच आले.

बाजारात रात्री साडेनऊले जातो,
फुलमतबाई ताडपत्री गुंडाळते तेव्हा.
मरगळलेला पालक, दहाले दोन जुड्या,
वरतून सांभार, तिची मर्जी असली तर.
डाळिंबाचा भाव मात्र रोज विचारतो,
घेणं नाई, देणं नाई,
मोठ्या माणसाची तब्येत विचारावी तसा.

रेवंताबाई गोंदियाकडची. तिनं दाखवलं:
मागच्या लेआऊटमध्ये, फ्लॅट बुकिंगच्या बोर्डाखाली,
गुडघाभर तरोटा.
‘वरची कोवळी पानं तेवढी खुडजो, भाऊ.
गुरं याले तोंड नाई लावत,
म्हणून तर माणसायले उरते.’

एका पायावर वाकून खुडत होतो.
वॉचमन आला.
‘काय हरवलं, काका?’
तोंडातून निघून गेलं:
‘तीन पॉइंट आठ.’
तो बिचारा बॅटरी लावून
माझ्यासंगं गवतात शोधत राहिला.

लसूण, मिरची, मूठभर भिजवलेली चण्याची डाळ.
वरून लिंबू पिळा, म्हणे,
तरच लोह अंगी लागते.
लिंबू पाच रुपयाले एक. अर्धं आज,
अर्धं वाटीखाली झाकून उद्याले.

उत्पलानं अंडं सोललं,
दोऱ्यानं मधोमध कापलं,
एक फाक माझ्या ताटात सरकवली.
म्हटलं, डॉक्टरीणबाई रागावतील.
‘रेघा दोन आहेत ना, बाबा.
एक तुमची.’

मी पांढरं खाल्लं.
पिवळं तिच्या भाजीत दाबलं, ती पाणी घ्यायले उठली तेव्हा.
आली, भाजी कालवली,
अन् कालवता कालवता
थांबली.