चादरीला उलटी बाजू नसते

प्रिस्काची बॅग तेवीस किलोंत बसवायची होती.
काट्यावर चढवली, उतरवली, परत चढवली.
स्वेटर निघाला, शेंगाचटणीचा डबा राहिला,
पवित्र शास्त्र हातातल्या पिशवीत गेलं
आणि मोराची चादर मी मुकाट्यानं तळाशी कोंबली.
"तिकडे उकडतं गं, मावशी."
सोलापूरच्या पोरीनं सांगावं, उकडतं म्हणून!

मलावीत कुठल्याशा गावी दवाखाना,
एक डॉक्टर, अकरा खाटा.
नकाशावर तिनं बोट ठेवलं
तर नखाखाली अख्खा देश झाकला गेला.

पाचारण.
आमचे पाळक हा शब्द जरा आवाज उतरवून म्हणतात,
लग्नघरात आजाऱ्याचं नाव घ्यावं तसा.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उपास-प्रार्थनेत
कोण जाईल, असं पाहुण्या उपदेशकानं विचारलं
तेव्हा मीही हात वर केला होता.
आईनं तो धरून खाली ओढला,
म्हणाली, पदर नीट कर.
वर्ष फिरायच्या आत तिची उजवी बाजू गेली.
मग कसलं जाणं.
कडक भाकऱ्या थापल्या, वाळवल्या, विकल्या,
आणि दरसाल मिशन-रविवारी
थैलीत नोट टाकताना
देवाची नजर चुकवली.
कुणी विचारलंच तर म्हणायची,
माझं राहून गेलं.

प्रिस्का निघायच्या आदल्या रात्री
हाक आली.
आधी वाटलं, माग.
थांबले तरी ते कानात चालूच असतात.
परत आली. वाटलं, पोरगी झोपेत बरळतेय.
तिसऱ्या हाकेला उठले.

भिंतीपलीकडची नरसम्मा.
विड्या वळून वळून छातीचा भाता झालेली.
आमच्यात धड एक भाषा नाही,
तिची तेलुगू, माझी मराठी,
मधे थोडं कानडी, दोघींचंही मोडकं.
नीळ्ळु, म्हणाली. पाणी दिलं.
पाठ चोळली, पातेलं धुऊन पालथं घातलं.
सकाळच्या हजारात दीडशे विड्या कमी पडत होत्या,
सूप मांडीवर ओढून वळायला बसले.
(पाळकांना सांगू नका.)
माझ्या तीन विड्या तिनं उकलून परत वळल्या,
खोकता खोकता हसत.

दारात प्रिस्का उभी.
"किती वर्षं उठतेस तू अशी?"
मी कधी मोजलं नव्हतं.
नरसम्मानं दोन्ही हातांची बोटं दाखवली,
मिटली,
पुन्हा दाखवली.

पोरगी काही बोलली नाही.
सकाळी बॅग उपसून चादर वर घेतली,
अंगणात उलगडली, फिरवली, परत फिरवली.
ह्या अंगाला पांढऱ्यावर तांबडा मोर,
त्या अंगाला तांबड्यावर पांढरा.
"ह्यातली सुलटी कुठली?"

तुझा बाप मागावर होता तेव्हा सांगायचा, म्हटलं,
चादरीला उलटी बाजू नसते.
अंगाला लागते ती सुलटी.

स्टेशनवर मी रडले नाही.
रिक्षावाल्यानं वीस रुपये जास्त मागितले, तेव्हा रडले.

आता चार महिन्यांनी फोटो आलाय.
मातीची भिंत, लोखंडी खाट,
एक बाळंतीण, घामेजलेली, नुकतीच सुटलेली,
अंगाखाली आमचा मोर.
अर्धा भिजलेला.
नरसम्माला दाखवला.
दातानं दोरा तोडत तिनं विचारलं, पेरु?
नाव?

मला कुठलं माहीत.
रोज रात्री प्रार्थनेत मी तिला
'ती मोरावरची' म्हणते.
त्याला कळत असावं.
आमेन म्हणते, दिवा घालवते,
आणि भिंतीकडचा कान
उघडा ठेवून निजते.