गाद्यांच्या जाहिरातीनंतर

फाईल उघडत नाही.
म्हणजे प्लेयरमध्ये चालते, अकॉर्डियन वाजतो,
पण एडिटिंगच्या प्रोग्रामात ओढली
की तो म्हणतो, ओळखत नाही.
अरे, माझी आई आहे ती.

टोलेडो, ओहायो. फेब्रुवारीतला बुधवार.
बर्फ खरवडणारी गाडी
त्याच रस्त्यावरून तिसऱ्यांदा जातेय.
शुक्रवारी दहाला चर्च, मग खालचा हॉल,
आणि रेजिनानं सगळ्यांना सांगून ठेवलंय
की कॅझ व्हिडिओ दाखवणार.

चाळीस सेकंद हवेत फक्त.
केबलवरचा पोल्का तास, बॉक्समध्ये आपोआप भरलेला;
बॉक्स परत करायच्या आदल्या दिवशी
मी वायर लावून उतरवून घेतला होता,
न बघता.
जाहिराती संपतात, आणि लगेच
ट्रम्पेटवाल्याच्या खांद्यामागे, जांभळ्या ब्लाउजमध्ये
लुड्विका ग्रॉशेक, वय एकाहत्तर, गुडघा एकच धड,
स्टाशा मावशीला गरगर फिरवतेय.

आधी नाव बदललं: शेवटची अक्षरं काढून दुसरी लावली.
पाटी नवी, दुकान तेच.
मग चित्राला धक्का न लावता
आतला ऐवज एका डब्यातून दुसऱ्यात ओतला.
उघडली. मुकी.
आवाज वेगळा काढून साधा करून परत जोडला. बोलली.
पंधराव्या मिनिटापर्यंत सगळं ठीक,
तिथून पुढं ओठांचं आणि शब्दांचं फाटलं.
ड्रमवर काठी पडते,
ठोका मागाहून येतो, धापा टाकत.
आवाज अकरा फ्रेम पुढे ओढला
तर आधीचं नीट चाललेलं बिघडलं.

रात्री पावणेबाराला ओरिन पफला फोन.
तीस वर्षं केबल कंपनीत खांबांवर चढला,
आता दोन्ही कानांत यंत्रं.
‘पंधरावर काय आहे?’
जाहिराती. शेवटची गाद्यांच्या सेलची.
‘मग तिथंच घोडं पेंड खातंय.
जाहिरात गावातून सोडतात, कार्यक्रम वरून येतो,
ज्याचं त्याचं घड्याळ वेगळं.
तुझा प्रोग्राम एकच घड्याळ धरून बसलाय बिचारा.
सांध्यावर काप. पुढच्या तुकड्याला
त्याचं स्वतःचं शून्य दे.’
जरा थांबून म्हणाला,
‘मी खांबावरून उतरलो की तुझी आई कोबीचे रोल द्यायची.
नाही म्हणायची सोय नव्हती.’

कापलं. पण पूर्ण चित्र असेल तिथंच कापता येतं,
आणि ते दीड सेकंद अलीकडे होतं.
म्हटलं, नंतर काढू.

जुळलं. काठी आणि ठोका एकदम.
फक्त ती वळते, कॅमेऱ्याकडे बघते, आणि नेमकी तिथं
चेहऱ्याचे चौकोन होतात, हिरवे, राखाडी.
त्या संध्याकाळी वारा असणार.
जे तारेतून आलंच नाही
ते फाईलीत कुठून असेल?
रेजिनाचा मुलगा म्हणाला, कॉम्प्युटर भरून देतो हल्ली.
भरून दिलं त्यानं: गुळगुळीत गाल, एकसारखे दात,
पुढच्या दोन दातांमधली फट बुजवलेली.
छान नाचत होती ती बाई.
पुसून टाकली. चौकोन राहू दिले.

शुक्रवारी हॉलमध्ये दिवे मालवले,
आणि भिंतीवरून, खणखणीत आवाजात:
‘डबल गादी, फक्त तीनशे—’

कोणाचा काटासुद्धा बशीवर वाजला नाही.
मी माऊस शोधतोय.
तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतून स्टाशा मावशी:
‘दोनशे ऐंशीला घेतली तिनं! चार महिने भांडून!’

पुढचे वीस सेकंद कोणी ऐकलेच नाहीत.
फादर डोळे पुसत होते, हसून की कशानं, विचारलं नाही.
चौकोन आले आणि गेले.

ओरिन दाराशी कोटात हात घालताना म्हणाला,
‘दोन फ्रेम अजून मागे आहे.’
तुला ऐकू आलं?
‘ऐकू कुठलं येतंय,’ तो म्हणाला. ‘तिचे पाय बघत होतो.’