माणशी पासष्ट किलो

पहिले प्रवासी वाळूचे होते.
साडेबत्तीस किलोची दोन पोती
म्हणजे एक माणूस, असं कागदावर ठरलेलं.
रामरतन कुशवाहनं एका पोत्याची शिवण उसवून
चिमूटभर तळहातावर घेतली, टॉर्च मारला :
"नर्मदाजीची आहे, मॅडम. चमक बघा."
म्हणजे आमच्या नळाला दिवसाआड जी येते
तिचीच ही मागे राहिलेली.

गांधीनगरच्या डेपोत रात्रभर पोती चढत होती.
काही बाकांवर टेकलेली, बाकीची मधल्या जागेत
दाटीवाटीनं उभी.
कुणी कुणाच्या पायावर पाय दिला नाही,
खिडकीसाठी भांडलं नाही.
पहाटे सव्वातीनला मी त्यांना घेऊन निघाले.
ऐंशीचा वेग, मग इमर्जन्सी ब्रेक.
उतरायचं, टेप लावायची, आकडा लिहायचा,
परत मागे. परत ऐंशी.
सातव्या खेपेला दुसऱ्या डब्यात एक पोतं फुटलं
आणि मला, कसं सांगू,
"लागलं का?" असं विचारावंसं वाटलं.

बाबा छावणीहून राजवाड्याला टेंपो चालवायचे.
त्यांचं वेळापत्रक एकच : भरल्याशिवाय हलायचं नाही.
"एक सवारी, एक सवारी" ओरडत
एकाची जागा कायम उरवून ठेवायचे
आणि तीत तिघं बसवायचे.
मागच्या पाट्यांचं कुरकुरणं ऐकून सांगायचे,
आज एक जण जास्त आहे,
नाहीतर कुणाकडे तरी गव्हाचं पोतं आहे.
वजनकाटा त्यांच्या पाठीच्या कण्यात होता.
माझा स्क्रीनवर आहे.
तो म्हणतो : भार, दोन टक्के.

कारण आता माणसं बसतात.
दुपारच्या फेरीला अकरा,
त्यात एक गार्ड, आणि एक पोरगा
जो कुठंच जात नव्हता, नुसता व्हिडिओ काढत होता.
वाळूच्या मानानं फारच हलकी गाडी,
ब्रेक ओढला की काही झालंच नाही अशी थांबते.
तरी सेकंद मोजून दारं मिटवायची,
कुणी जिन्यावरून धावत येताना दिसलं तरी.
हे मला तीनदा शिकवावं लागलं.
एक दार अजून मिटताना किंचित अडखळतं.
मी लिहून देते, ते येतात, खाच पुसतात,
आणि बोटाला काय लागलं ते
कुणी रजिस्टरमध्ये लिहीत नाही.

शेवटच्या स्टेशनावर केबिन बदलायची असते.
बॅग उचलून फलाटावरून गाडीची अख्खी लांबी चालायचं,
जे शेपूट होतं त्याचं डोकं करायचं.
त्या चालण्यात भेटली टिगरिया बादशाहची गेंदाबाई,
नातवाचं मनगट घट्ट धरून,
परतीचं तिकीट काढून पुन्हा त्याच बाकावर.
काचेला बोट लावून म्हणाली, "वो म्हारो खेत थो."
खाली चुन्यानं आखलेले प्लॉट, एक बंद बुलडोझर.
मी काहीतरी हळहळीचं बोलायच्या बेतात होते.
पण ती हसत होती :
चाळीस वर्षं नांगर धरला, बाई,
आणि बांध इतका वाकडा आहे
हे आज वरून कळतंय.
मालकाला सांगायला हवं होतं.
तो तर आयुष्यभर भांडला शेजाऱ्याशी
की माझी रेघ सरळ आहे.

घरी गेले की बाबांचा एकच प्रश्न :
"काय गं, किती सवाऱ्या झाल्या?"
मी अकरा म्हणत नाही.
साठ सांगते, रविवार असला तर दीडशे.
ते पोह्यांवर शेव भुरभुरवता भुरभुरवता थांबतात,
मान कलती करून ऐकतात,
जशी माझ्या आवाजाखाली कुठंतरी
पाट्यांची कुरकुर असेल.
ती नसते.
"रिकामी सोडलीस," म्हणतात. "वेळेवर?"
"वेळेवर."
"हं." चमचा परत हलू लागतो.
"मला नसतं जमलं."